बांधावरची भुईरिंगणी: काढायची की ठेवायची?

यंदा बऱ्याच जणांनी विचारलं, साहेब बांधावर भुईरिंगणी पसरलीय, काटे लागतात, तणनाशक मारू का? आणि दोघांनी उलटं विचारलंय की दशमुळात (आयुर्वेदातल्या दहा मुळांच्या औषधात) जाते म्हणे, लावली तर चालेल का?

आधी पहिल्याचं. मारू नका हो! वाटेवर असेल तेवढी खुरप्याने काढा, बाकी राहू द्या. ही आपल्याच मातीतली वनस्पती आहे, काटेरी म्हणून पिवळ्या धोत्र्याबरोबर तिलाही उपटतात, पण हा पिवळा धोत्रा मेक्सिकोचा, तो खुशाल काढा. भुईरिंगणीची जांभळी फुलं भर उन्हाळ्यात, आजूबाजूला सगळं वाळलेलं असतं तेव्हा येतात. त्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो आणि तोही पिवळ्या नळीत बंद, टोकाला बारीक भोक. सातेरी मधमाशीला, म्हणजे आपल्याकडं पेटीत पाळतात तिला, तो नीट काढता येत नाही. काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी (हीही मधमाशीच) मात्र फुलाला धरून पंख न हलवता अंग थरथरवतात आणि पराग झटकून घेतात. वांगी-टोमॅटोचं फूलही असंच असतं, म्हणजे उन्हाळ्यात बांधावर जगलेली तीच माशी पुढं तुमच्या वांग्यावर काम करते, आणि मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते, तेव्हा सगळा बांध दरवर्षी खणून काढू नका, भुंग्यासाठी दोनचार वाळके बांबू पडू द्या.

आता लावायची असेल तर पिकलेल्या पिवळ्या फळाचं बी धुऊन सावलीत वाळवा, मे-जूनमध्ये रोप टाका, पाऊस स्थिरावला की दोन-दोन फुटांवर लावा. निचऱ्याची जमीन पाहिजे, पाणी साचलं की गेलीच. विकायचा विचार असेल तर आधी घेणारा व्यापारी गाठा, मगच क्षेत्र वाढवा.

एक काळजी नक्की घ्या, वांग्याला चिकटून लावू नका, शेंडा पोखरणारी अळी आणि पानं खाणारा हड्डा भुंगेरा हिच्यावरही राहतात. पानं बारीक होऊन गुच्छ झालेलं झाड दिसलं तर लगेच उपटून टाका, तो रोग तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) वांग्यावर नेतात. फळं विषारी असतात, पोरांना हात लावू देऊ नका. आणि फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी, सकाळी माश्या फुलावर असतात.