आधी कोण वाजवतंय ते बघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतची यादीही वाचली. फ्री जॅझच्या, म्हणजे ठरलेली चौकट सोडून उत्स्फूर्त वाजवलेल्या जॅझच्या शंभर रेकॉर्डी, एक ते शंभर क्रमांक, आणि खाली तुझा प्रश्न: यात काय राहिलं? राहिलेलं सांगेन, पण आधी जे आहे त्याबद्दल बोलू. प्रत्येक रेकॉर्डपुढे तू एकाच माणसाचं नाव लिहिलं आहेस, ज्याच्या नावावर ती निघाली त्याचं. बाकीचे वादक कुठेच नाहीत. तारीख नाही, गाव नाही. या संगीतात मात्र सगळ्यात आधी लिहायचं ते हेच. इथे धून असलीच तर सुरुवातीपुरती असते. पुढचं सगळं त्या दिवशी त्या खोलीत कोण जमलं होतं आणि कोणी कोणाचं ऐकून काय केलं, यावर ठरतं. एक माणूस बदलला की रेकॉर्डच वेगळी होते. म्हणून गोळा करायचंच असेल तर रेकॉर्डींच्या नव्हे, माणसांच्या मागे जा.

उदाहरणाला हान बेनिंक घे. डच ड्रमर, जन्म १९४२ चा. २ जून १९६४ ला हॉलंडमधल्या हिल्वरसुममध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी तिथल्या तीन वादकांबरोबर वाजवतो, त्याची रेकॉर्ड म्हणजे ‘लास्ट डेट’. पियानोवर मिशा मेंगेलबर्ग, ड्रमवर बावीस वर्षांचा बेनिंक. तो इथे अजून ठेका धरून आहे, पण मेंगेलबर्गनं एखादा वाकडा स्वरपुंज टाकला की लगेच खाली काहीतरी सरकवतो. त्याच महिन्याच्या २९ तारखेला डॉल्फी बर्लिनमध्ये वारला, अवघा छत्तीस वर्षांचा. पुढे १९६७ मध्ये मेंगेलबर्ग, बेनिंक आणि विलेम ब्रॉइकर यांनी ‘इन्स्टंट कंपोजर्स पूल’ नावाची स्वतःची संस्था काढली आणि रेकॉर्डीही स्वतःच काढू लागले. मे १९६८ मध्ये हाच बेनिंक जर्मनीत ब्रेमेनला सॅक्सोफोनवादक पेटर ब्रॉट्झमनच्या ‘मशीन गन’वर सापडतो. १९७० मध्ये लंडनला सॅक्सोफोनवादक एव्हन पार्कर आणि गिटारवादक डेरेक बेली यांच्याबरोबर ‘द टोपोग्राफी ऑफ द लंग्ज’वर. ‘लास्ट डेट’, ‘मशीन गन’ आणि ‘टोपोग्राफी’ या तिन्ही एकाच आठवड्यात लागोपाठ ऐक, आणि फक्त ड्रमवर कान ठेव. ठेका धरणारा मुलगा सहा वर्षांत ठेका सोडून देतो, आणि तरी त्याचा हात ओळखू येतो. युरोपातलं उत्स्फूर्त संगीत अमेरिकन जॅझपासून कसं सुटत गेलं, ते असं एका माणसाच्या हातातून ऐकू येतं. क्रमांकांच्या यादीतून ते कळणार नाही.

धागा तिथे तुटतही नाही. स्विस पियानोवादक इरेन श्वायझर हिनं एकेका ड्रमरबरोबर जोडीनं वाजवलेल्या रेकॉर्डींची एक मालिकाच आहे. झुरिचच्या इंटाक्ट कंपनीनं ती काढली. त्यात बेनिंक आहे, दक्षिण आफ्रिकेतून देश सोडून आलेला लुई मोहोलो आहे, अमेरिकन अँड्र्यू सिरिल आहे. पियानो तोच, समोरचा माणूस वेगळा. एका वादकाचा स्वभाव दुसऱ्यामुळे किती बदलतो हे शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. तुझ्या शंभरात श्वायझर नाही. एक जागा तिला दे. खरं तर चार दे.

आता तुझ्या यादीतला पहिला क्रमांक. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’, २१ डिसेंबर १९६०. तू तिला ‘गोंधळ, पण ऐतिहासिक’ असं लिहिलं आहेस. हेडफोन लाव आणि उजवा कान मोकळा ठेव. डाव्या बाजूला चार जणांची एक पूर्ण चौकडी आहे: कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफॅरो, बिली हिगिन्स. आता उलट कर. उजवीकडे दुसरी चौकडी: एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. दोन बास, दोन ड्रम. हबर्ड ट्रम्पेट वाजवत असताना डावीकडचे लोक काय करतात ते ऐक. मध्येच एखादा छोटा तुकडा फेकतात, तो उचलतो किंवा सोडून देतो. मग दोन्ही कान लाव. आठ जण काय करताहेत ते मोजून सांगता येईल इतकं ते स्वच्छ आहे. सुमारे सदतीस मिनिटांचं हे सलग वादन एलपीवर दोन बाजूंत तोडावं लागलं होतं. सीडीवर ते अखंड मिळतं, तेव्हा सीडीच घे.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तू सगळं एलपीवर हवं म्हणतोस. हट्ट करू नकोस. ‘मशीन गन’वरचे ब्रॉट्झमनचे आठ जण सुईची खरखर सहज गिळून टाकतील. पण लंडनच्या एएमएमसारख्या गटाच्या वादनात कितीतरी वेळ जेमतेम ऐकू येईल एवढाच आवाज असतो. तिथे एलपीवरचा प्रत्येक टकटक आवाज संगीतात घुसतो, आणि ते काय ऐकत होते हे तुला कळतच नाही. शिवाय परदेशातून एलपी मागवली की टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून रेकॉर्डपेक्षा वरचा खर्च जड होतो. त्या पैशात चार सीडी येतात किंवा दहा डिजिटल अल्बम. अपवाद एकच कर: एलपीवर काही वेगळंच असेल तेव्हा.

असं वेगळं असतंही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं २८ जून १९६५ ला स्वतः धरून अकरा वादक घेऊन ‘असेन्शन’ दोनदा वाजवलं. आधी बाजारात आलं ते एक वादन. मग कोल्ट्रेनला दुसरं अधिक पसंत पडलं, आणि कंपनीनं कव्हर तेच ठेवून आतलं वादन बदललं. लेबलच्या कडेला गुळगुळीत पट्टी असते, जिथे सुई शेवटी फिरत राहते, तिथे दिव्याखाली रेकॉर्ड तिरकी धरून बघायचं. ‘एडिशन टू’ असं कोरलेलं दिसलं तर ते दुसरं वादन. न बघता ओळखायचं असेल तर एल्विन जोन्सचा एकट्याचा ड्रमचा तुकडा शोध, तो पहिल्यातच आहे. आता सीडीवर दोन्ही मिळतात, ती घेतलीस तरी भागेल. पण नोंद करताना कोणतं वादन ऐकून तू मत बनवलंस ते लिही. आणि माझं मत विचारशील तर सगळ्यांनी मिळून वाजवलेले भाग मला थोड्या वेळानं एकसारखे वाटू लागतात. त्या दाटीतून एकेक जण बाहेर पडतो, सॅक्सोफोनवरचा फॅरो सँडर्स किंवा आर्ची शेप, तेव्हा मी सावरून बसतो. ‘फ्री जॅझ’वरचा फ्रेडी हबर्ड इथेही आहे. साडेचार वर्षांत तो कुठून कुठे आला ते दोन्ही जवळजवळ ठेवून ऐकण्यासारखं आहे.

नोंदीसाठी एक जाड वही कर. संगणकावर केलीस तरी चालेल, पण फाइलच्या नावात फक्त अल्बमचं नाव ठेवू नकोस. वादक, वाद्यं, तारीख, गाव, जागा लिही. प्रत्येक वादकाची वेगळी सूची आपोआप तयार होईल. मग एक दिवस तुला दिसेल की ‘फ्री जॅझ’वर छोटा पॉकेट ट्रम्पेट वाजवणाऱ्या डॉन चेरीनंच ब्रॉट्झमनला ‘मशीन गन’ हे टोपणनाव दिलं होतं, आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांना चांगले ओळखत होते. त्या नोंदीखाली दोन ओळी स्वतःच्या: काय ऐकू आलं, आणि कुठे कंटाळा आला. कंटाळा जरूर लिही. उत्स्फूर्त वादनात सैल जागा असतातच. त्या मान्य न करणाऱ्याच्या शिफारशीवर कोणी विश्वास का ठेवावा?

शिफारशीचा विषय निघालाच आहे. तू लिहितोस की मित्रांना ‘मशीन गन’ ऐकवली आणि दोन मिनिटांत त्यांनी बंद करायला लावली. त्यांचं काही चुकलं नाही. समोर कोण बसलंय ते न बघता तू तीन सॅक्सोफोन, दोन बास, दोन ड्रम आणि पियानो एकदम त्यांच्या अंगावर सोडलेस. एका माणसाला एकच रेकॉर्ड सांगावी, आणि तो एरवी काय ऐकतो हे माहीत असल्यावरच सांगावी.

तुझा तो तबला शिकणारा मित्र आहे ना, त्याला कोल्ट्रेनची ‘इंटरस्टेलर स्पेस’ दे. फक्त दोघे, कोल्ट्रेन आणि ड्रमर रशीद अली. वादन २२ फेब्रुवारी १९६७ चं, कोल्ट्रेन त्याच जुलैत गेला, रेकॉर्ड निघाली १९७४ मध्ये. सुरुवातीला घुंगरांसारखा छोट्या घंटांचा आवाज येतो, मग ड्रम. मित्राला सांग, मात्रा मोजू नकोस, इथे सम येणार नाही. रशीद अलीचे दोन हात आणि दोन पाय चार वेगवेगळ्या गतींनी चालताहेत, त्यातल्या एका हातावर कान ठेव. तबलजी हे पाच मिनिटांत पकडेल.

ज्याला शांत, हळुवार काही हवं, त्याला जिमी जुफ्रीचं १९६१ चं त्रिकूट दे: जुफ्रीची क्लॅरिनेट, पॉल ब्लेचा पियानो, स्टीव्ह स्वॅलोचा बास. ड्रम नाहीतच. फ्री म्हटलं की आरडाओरडा, ही समजूत या तिघांनी तेव्हाच खोटी पाडली होती. आणि चालीवर प्रेम करणाऱ्याला सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरची ‘स्पिरिच्युअल युनिटी’ दे. १० जुलै १९६४, न्यू यॉर्क, अर्ध्या तासाहून कमी. ‘गोस्ट्स’ ही चाल लहान मूलसुद्धा गुणगुणेल इतकी सोपी आहे, आणि ती रेकॉर्डवर दोनदा येते, सुरुवातीला आणि शेवटी. पहिल्यांदा ऐकताना फक्त सनी मरेच्या झांजांकडे लक्ष द्यायला सांग. तो ताल देत नाही, एक सततची थरथर ठेवतो, आणि तिच्यावर आयलर ती सोपी चाल ताणत ताणत फाडतो. एवढी एक जागा दाखवलीस की माणूस बाकीचं स्वतः शोधतो. ‘भन्नाट’, ‘वेड लावणारं’ असले शब्द लिहून काही होत नाही. कोणत्या मिनिटाला काय होतं ते लिही. आणि समोरच्यानं बंद केलंच तर नेमकं कुठे बंद केलं ते विचार. पुढची रेकॉर्ड त्यावरून ठरते.

आपल्याकडचा ऐकणारा रागसंगीताचा कान घेऊन येतो, ते चांगलंच आहे. डेरेक बेलीनं उत्स्फूर्त वादनावर पुस्तक लिहिलं तेव्हा सुरुवात भारतीय संगीतापासूनच केली. पण ख्यालातल्या बढतीसारखी बढत इथे शोधायला लागू नकोस. तिथे राग आणि ताल सगळ्यांच्या ओळखीचे असतात, इथे तशी ओळखीची चौकट नसतानाच सुरुवात करतात. एव्हन पार्करच्या एकट्याच्या सॅक्सोफोनवादनाला मात्र आपला कान लवकर लागतो. गारुडी पुंगी वाजवताना गालात हवा साठवून सूर तुटू देत नाही, तसाच तो श्वास न तोडता वाजवत राहतो, आणि एका वाद्यातून दोन-तीन आवाज वेगवेगळे धावताना ऐकू येतात. १९७८ ची त्याची ‘मोनोसेरॉस’ मिळव. ती टेपवर न घेता थेट तबकडीवर कोरलेली आहे, म्हणजे मागून कापाकापीला वावच नव्हता.

शेवटचा प्रश्न तू ताजा कलम म्हणून विचारला आहेस: ‘हम दोनो’ची (सिनेमाची नव्हे, जॅझच्या रेकॉर्डची) मूळ प्रत विकायला आली आहे, घेऊ का? ही रेकॉर्ड तुझ्या यादीत हवीच, काटेकोर अर्थानं ती फ्री जॅझ नसली तरी. जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट यानं लंडनमध्ये नोव्हेंबर १९६० मध्ये, म्हणजे कोलमनच्या ‘फ्री जॅझ’च्या एक महिना आधी, ‘फ्री फॉर्म’ ध्वनिमुद्रित केली होती, स्वतःच्या वाटेनं चालत. नंतर तो कोलकात्यात जन्मलेल्या संगीतकार जॉन मेयरबरोबर भारतीय आणि जॅझ वादक एकत्र आणून वाजवत राहिला. आणि १९६९ मध्ये मूळच्या गोवेकर कुटुंबातल्या गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हाबरोबर त्यानं ही ‘हम दोनो’ वाजवली. तिच्यावरचं ‘बॅलड फॉर गोवा’ ऐक, नॉर्मा विन्स्टनचा शब्दांविना गाणारा आवाज त्या रेकॉर्डवर काय करतो तेही ऐक. १९७३ च्या सुरुवातीला हॅरिअट गेला, फार हलाखीत. मूळ प्रतीचे आज जे पैसे मोजावे लागतात, त्यातला एक रुपयाही वाजवणाऱ्यांच्या घरी जात नाही. ती पुन्हा निघाली आहे, तीच आवृत्ती घे. उरलेल्या पैशांतून आज वाजवत असलेल्या लोकांचं काही घे, आणि जमेल तिथे थेट त्यांच्याचकडून. यातले बरेच जण स्वतःच रेकॉर्डी काढतात, स्वतःच पाकिटं बांधून टपालात टाकतात, आणि एक पत्र लिहिलंस तर उत्तरही देतात.

यादी परत पाठवतोय. क्रमांक खोडले आहेत. पहिल्या दहा रेकॉर्डींचे सगळे वादक, तारखा आणि गावं लिहून पुन्हा पाठव, मग राहिलेल्यांबद्दल बोलू.

तुझा,
काका