हंगामाआधी ड्रायरच्या मोटरींना किती ग्रीस घालावं?

प्रश्न असा आहे: धान्याचा ड्रायर वर्षातून दोन-अडीच महिनेच चालतो, दर हंगामाआधी सगळ्या मोटरींना भरपूर ग्रीस मारलं जातं, तरी मोठ्या ब्लोअरच्या मोटरचं बेअरिंग गेलं. चुकतंय कुठे?

चुकतंय ते त्या ‘भरपूर’मध्येच. बेअरिंग ठासून भरलं की फिरणाऱ्या गोळ्या ते ग्रीस घुसळत राहतात. बेअरिंग तापतं, ग्रीसमधलं तेल सुटून निघून जातं आणि मागे कडक पापुद्रा उरतो. जादा ग्रीस शाफ्टच्या कडेने आत सरकून वाइंडिंगवर, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीवर, बसतं. मग बेअरिंगच नाही, मोटरही जाते.

आधी मोटरला ग्रीस लागतं का ते बघा. बेअरिंगच्या नंबरापुढे ‘२आरएस’ किंवा ‘झेडझेड’ (दोन्ही बाजूंनी झाकलेलं असल्याची खूण) असेल आणि निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, नसेल, तर ते बेअरिंग कारखान्यातूनच भरून येतं. त्याला काही घालायचं नाही. आवाज आला की बदलायचं.

निप्पल असेल तर नेमप्लेटवर किंवा माहितीपुस्तिकेत ग्रॅम दिलेत का ते पाहा. नसतील तर बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५; उत्तर ग्रॅममध्ये येतं. ६३०८ बेअरिंगचा व्यास ९० आणि रुंदी २३, म्हणजे साधारण १० ग्रॅम. ६२०६ ला ५ ग्रॅम पुरतं. तुमची ग्रीस गन एका दाबाला किती सोडते हे माहीत हवं, म्हणून कागदावर दहा दाब मारून वजन करा आणि दहाने भागा. तो आकडा गनवरच लिहून ठेवा. रोज २० तास धरले तरी ७५ दिवसांत १५०० तास होतात. एवढ्या वापराला वर्षातून एकदा बस्स.

घालायची पद्धत: मोटर १५-२० मिनिटं चालवून कोमट करा, मग बंद करून मेन स्विचला कुलूप लावा. निप्पल पुसून घ्या, नाहीतर त्यावरची धूळ पहिल्या दाबाबरोबर थेट आत जाते. खालचा ड्रेन प्लग काढा आणि भोकात वाळलेलं ग्रीस तारेने मोकळं करा. हे विसरलं की वाट न मिळाल्याने नवं ग्रीस वाइंडिंगकडे घुसतं. अर्धं ग्रीस सावकाश घाला, शाफ्ट हाताने फिरवा, उरलेलं घाला. नंतर प्लग उघडाच ठेवून २० मिनिटं चालवा, जादा ग्रीस आपोआप बाहेर येईल. ते बोटांवर चोळून बघा. खरखरीत लागलं तर आत धूळ गेली आहे, दुधाळ दिसलं तर पाणी, आणि उन्हात चंदेरी चमक दिसली तर बेअरिंग झिजतंय, हंगामाआधीच बदला.

मोटरमध्ये आधी ज्या प्रकारचं ग्रीस आहे, त्याच प्रकारचं घाला. बऱ्याच मोटरींमध्ये पॉलियुरियाचं असतं. त्यात साधं लिथियम ग्रीस मिसळलं की बहुतेकदा दोन्ही पातळ होऊन गळून जातात.

गेलेलं बेअरिंग पुलीकडचं होतं का, हेही तपासा. तसं असेल तर दोष ग्रीसपेक्षा ताणलेल्या पट्ट्याचा असू शकतो. दोन पुलींच्या मध्यांत १ मीटर अंतर असेल तर पट्टा मधोमध बेताने दाबल्यावर साधारण १६ मिलिमीटर खाली जायला हवा. पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसत असेल तर पट्टे किंवा खाच झिजली आहे. पट्टे बदलायचे तर सगळा संच एकदम. एकच नवा टाकला की सगळा भार तोच ओढतो.

ऑगर (धान्य ढकलणारा स्क्रू) आणि एलिव्हेटर (धान्य वर चढवणारी यंत्रणा) यांच्या प्लमर ब्लॉकचं, म्हणजे शाफ्ट धरणाऱ्या बेअरिंगच्या घराचं, गणित वेगळं. ते हळू फिरतात, म्हणून सीलच्या कडेला ग्रीसची बारीक कडी दिसेपर्यंत भरा. ती कडीच धूळ अडवते. गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायचं छिद्र, साफ करा. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही गळू लागतं.

मोटर अनेक महिने बंद होती, तेव्हा सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वाइंडिंग तपासा, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असेल तर तो सोडवून. १ मेगओहमच्या खाली आकडा आला तर वाळवल्याशिवाय चालू करू नका. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही याच वेळी बघा. चालू केल्यावर तिन्ही फेजचे ॲम्पिअर क्लॅम्प मीटरने मोजून नेमप्लेटशी ताडा. ब्लोअरची दिशा बाणाशी जुळवून पाहा: सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त कमी, त्यामुळे धान्य का सुकत नाही हे कळतच नाही.

बर्नरचे गॅसचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा, जास्त तापल्यावर बंद करणारा स्विच खरंच बर्नर तोडतो का ते पाहा आणि जाळीखालचा कोंडा झाडून काढा. ड्रायरला आग लागते ती बहुधा अशाच कचऱ्यातून.

यातली बरीच कामं मुळात हंगाम संपताच करायची असतात. प्लमर ब्लॉकना तेव्हाच ग्रीस दिलं तर ओल आत शिरत नाही. पट्टे सैल करा, आत एकही दाणा ठेवू नका. आणि महिन्यातून एकदा मेन स्विच बंद असताना प्रत्येक शाफ्ट हाताने चार-पाच वेळा फिरवून वेगळ्या जागी थांबवा. एकाच जागी उभ्या शाफ्टचं वजन गोळ्यांखालचं ग्रीस दाबून काढतं, तिथे गंजाचे ठिपके पडतात, आणि पुढच्या हंगामात तीच घरघर ऐकू येते.