जुन्या बीएमडब्ल्यू एम३ चा तिसरा गिअर जोरात चालवतानाच चुकतो : गिअरबॉक्स उघडावा का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: १९९८ ची ई३६ (हे त्या पिढीच्या गाड्यांचं नाव) एम३, पाच गिअरची मॅन्युअल, गाडी न्यू जर्सीत. निवांत चालवताना सगळे गिअर बिनतक्रार पडतात. पण रेस देऊन दुसऱ्यातून तिसरा टाकायला गेलं की लिव्हर भलतीकडेच जाऊन अडते. क्लच दाबताना खालून ‘धप्’ असा आवाज येतो. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स रिबिल्ड करायला सांगितलाय, साडेतीन हजार डॉलर. आणि एक मित्र म्हणतोय, रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लॅस्टिकसारख्या मालाचे) बुश आणि माउंट टाक, काम फत्ते.

गिअरबॉक्स उघडू नका. निदान आत्ता तरी नको. हा रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार दिसतोय.

उत्तर तुमच्याच लक्षणांत आहे. सिंक्रो (गिअर पडण्याआधी त्यांचा वेग जुळवून देणारं कडं) झिजला असता तर त्याने निवांत चालवतानाही त्रास दिला असता. विशेषतः सकाळी गार तेलावर दुसरा टाकताना घासल्याचा करकर आवाज आला असता, आणि आवाज आला तरी गिअर जागच्या जागीच सापडला असता. तुमच्याकडे करकर नाही. तुमच्याकडे गिअरची जागाच सापडत नाही, तीही फक्त इंजिन ओढत असताना. म्हणजे त्या क्षणी अख्खा गिअरबॉक्स हलतोय.

या गाडीत लिव्हर थेट गिअरबॉक्सवर बसलेली नाही. ती एका लांब दांडीवजा कॅरिअरमध्ये बसते. कॅरिअरचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या पाठीला पिनांनी जोडलेलं असतं आणि मागचं टोक बॉडीला रबरी बुशात अडकवलेलं असतं. म्हणजे एक पाय गिअरबॉक्सवर, दुसरा बॉडीवर. इंजिनाने जोर लावला की ते स्वतःही उलट्या दिशेला कलतं. हा कल आवरायला पुढे दोन इंजिन माउंट आणि मागे, गिअरबॉक्सच्या शेपटीखाली, दोन छोटे रबरी माउंट (वजन पेलणारे आधार), एवढीच माणसं कामाला. मागचे दोन फाटले की शेपूट उचलतं, बाजूला जातं आणि तुम्ही क्लच दाबलात की परत आदळतं. तो तुमचा ‘धप्’. त्याच अर्ध्या सेकंदात तुमचा हात सवयीने जुन्या जागी तिसरा शोधत असतो आणि तिसरा बोटभर बाजूला सरकलेला असतो.

हे नुसतं वैतागाचं प्रकरण नाही. या गिअरबॉक्सचे रेशो (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या) दुसऱ्याला २.४९, तिसऱ्याला १.६६ आणि चौथ्याला १.२४ असे आहेत. समजा तुम्ही तिसऱ्यात मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर आहात, चौथा टाकायला लिव्हर सरळ मागे ओढलीत आणि ती घसरून दुसऱ्यात पडली. क्लच सोडताच चाकं इंजिनाला ९,७०० च्या वर फिरवणार. तिथे इंजिनाच्या फेऱ्यांना आवर घालणारा रेव्ह लिमिटर काहीही करू शकत नाही, कारण तो फक्त पेट्रोल तोडतो, चाकं थांबवत नाही. व्हॉल्व्ह वाकले की मग साडेतीन हजाराचा आकडा स्वस्त वाटायला लागतो. म्हणून माउंट बदलेपर्यंत रेस देऊन गिअर बदलणं पूर्ण बंद ठेवा.

आता रबराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण अमेरिकेत येण्याआधी मी भोसरीला रबर आणि धातू जोडलेले असेच पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होतो. पुण्यातल्या गॅरेजात ज्याला नुसतं ‘फाउंडेशन’ म्हणतात, तोच हा पार्ट. दोन्ही बाजूंना स्टड (आटे पाडलेली छोटी दांडी) असलेल्या धातूच्या चकत्या आणि मध्ये रबर. ते रबर मागाहून चिकटवलेलं नसतं. धातू ब्लास्टिंग करून खरबरीत करतात, त्यावर बाँडिंगचं द्रावण लावतात आणि साच्यात उष्णता आणि दाब देऊन रबर तिथेच पिकवतात. नीट जमलेला पार्ट ओढून तोडला तर रबर मधूनच फाटतं, धातूवर रबराचा थर शिल्लक राहतो. धातू स्वच्छ, चकचकीत बाहेर आला तर बाँडिंगच फसलं. तुटलेला नमुना समोर आला की आम्ही सगळ्यात आधी हेच बघायचो. तुमचे जुने माउंट उतरले की तुम्हीही बघा. खाली सांगतो त्या स्वस्त मालात हाच दोष हमखास निघतो.

जुनं रबर दोन प्रकारे मरतं. उष्णतेने मेलेलं कडक होतं, बोटाने दाबलं तर दबत नाही, अंगावर बारीक चिरा दिसतात. एक्झॉस्ट शेजारूनच जातो, त्यामुळे हे व्हायचंच. तेलाने मेलेलं उलट फुगतं, मऊ आणि चिकट होतं, हात लावला की बोट काळं. तुमचं दुसऱ्या प्रकारचं निघालं तर आधी गळती शोधा: गिअरबॉक्सच्या पाठीमागचं सिलेक्टर शाफ्टचं सील, आउटपुट शाफ्टचं सील, नाहीतर इंजिनाचं मागचं मेन सील. गळती तशीच ठेवून नवे माउंट टाकलेत तर तेही त्याच वाटेने जातील.

खात्री करून घ्यायला गाडी उचलून खाली जा. गिअरबॉक्स आणि क्रॉस मेंबर (माउंट ज्यावर बसतात ती आडवी पट्टी) यांच्यामध्ये पहार किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच उचकटा. गिअरबॉक्स किंचित हलला आणि परत जागेवर आला तर ठीक. फट उघडून रबर आणि धातू वेगळे दिसले तर निकाल लागला. उचकटताना टेकू गिअरबॉक्सच्या जाड कडेवर घ्या, ॲल्युमिनिअमच्या पातळ भागावर नको.

काम घरच्या ड्राइव्ह-वेत होण्यासारखं आहे. गाडी सपाट काँक्रीटवर चार जॅक स्टँडवर, आणि एक्झॉस्ट पूर्ण गार. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच, तरी लिहितो. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे आटे गंजलेले असणार. आदल्या रात्री सगळ्या नटांवर पेनेट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. बहुतेक नट १३ मिमीचे आहेत. सहा बाजूंचं सॉकेट वापरा. बारा बाजूंचं गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतं.

गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक लावा, मध्ये लाकडाचा सपाट तुकडा, आणि फक्त वजन पेलण्यापुरतं उचला. मग माउंटचे खालचे नट काढा, क्रॉस मेंबर बॉडीला धरून ठेवणारे काढा, आणि क्रॉस मेंबर खाली घ्या. एक्झॉस्टचा आधार देणारी पट्टी आड येत असेल तर तीही सोडवा. गिअरबॉक्स उगाच खाली सोडू नका. शेपूट खाली गेलं की इंजिनाचं तोंड वर येतं आणि रेडिएटरचा पंखा, पाइप यांच्यावर ताण येतो. हाताला जागा मिळेल इतकंच उतरवा.

आता वरचे नट. इथे एक गंमत दिसेल: नट फिरवायला गेलात की नटाबरोबर अख्खा माउंट पीळ घेत फिरायला लागेल. जुना असेल तर फिरू दे, फाटला तर फाटला. पण नवा बसवताना हेच झालं तर पहिल्याच दिवशी रबरात कायमचा पीळ बसतो. म्हणून नवा माउंट एका हाताने घट्ट धरून नट फिरवा. जुना आणि नवा शेजारी उभे करून उंचीही बघा. जुना हमखास दबलेला असतो, आणि तेवढ्यानेच गिअरबॉक्सचा कोन बदललेला असतो.

सगळे नट आधी हाताने लावून घ्या, जॅक सोडून गिअरबॉक्सचं वजन रबरावर येऊ द्या, आणि मगच घट्ट करा. एम८ च्या (८ मिमीच्या) स्टडला २१ न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळणारा पाना) नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा, कारण इथे हाताच्या अंदाजाने लोक स्टड तोडून ठेवतात.

मित्राच्या पॉलियुरेथेनचं काय? माझं मत: रस्त्यावरच्या गाडीला कंपनीच्या दर्जाचं रबरच टाका. पॉली कडक असतं, गिअरबॉक्स जागेवर घट्ट धरतं, लिव्हर नेमकी वाटते, हे खरं. पण गिअरचा घरघराट थेट सीटपर्यंत येतो आणि लांबच्या हायवेवर डोकं उठतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पुढे इंजिनाला जुनं ढिलं रबर आणि मागे दगडासारखा कडक माउंट अशी जोडी लावली तर इंजिनाचा सगळा पीळ गिअरबॉक्सच्या कानांवर, म्हणजे माउंट जिथे बसतात त्या भागांवर, येतो. मऊ ठेवा नाहीतर कडक, पण पुढचं-मागचं एकाच जातीचं ठेवा. महिन्यातून दोनदा ट्रॅकवर जात असाल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही. पैशाचं म्हणाल तर चांगल्या बनावटीचे दोन रबरी माउंट मिळून शंभर डॉलरच्या आत येतात. ऑनलाइन आठ-दहा डॉलरला जोडी मिळते ती घेऊ नका. बाँडिंगबद्दल वर लिहिलंच आहे.

खाली शिरलातच आहात तर आणखी दोन ठिकाणी बॅटरी मारा. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट यांच्यामधली रबरी फ्लेक्स डिस्क: बोल्टांच्या भोकांभोवती चिरा पडल्या असतील तर तीही संपलीय, आणि तुमच्या ‘धप्’मध्ये तिचाही वाटा असू शकतो. आणि मघाशी सांगितलेल्या कॅरिअरचं मागचं रबरी बुश, शिवाय लिव्हरची हालचाल गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या सिलेक्टर रॉडच्या सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या चकत्या. या चकत्या झिजल्या की गाडी उभी असतानाही लिव्हर गिअरमध्ये ढिली डुलते. माउंट बदलूनही तिसरा थोडा शोधावा लागला तर पुढचा संशय यांच्यावर, सिंक्रोवर नाही.

जाता जाता गिअरबॉक्सचं तेलही बदलून टाका. कोणतं तेल ते गिअरबॉक्सवरच्या लेबलवर असतं. लेबल गेलं असेल तर गाडीचा चॅसी नंबर देऊन डीलरला विचारा, अंदाजाने जाड गिअर ऑइल ओतू नका. आणि खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी वरचा फिलर प्लग सुटतोय ना ते बघून घ्या. तेल सगळं बाहेर आणि वरचा प्लग गंजून अडकलेला, अशी गाडी मग ड्राइव्ह-वेतून हलत नाही.