एफडीची मुदत भरेपर्यंत वडिलांचा उपचार थांबवावा का?

तुम्ही लिहिता: वडील 67 वर्षांचे, जुन्या हिपॅटायटिस-बीमुळे सिरॉसिस (यकृत कायमचं कडक आणि खराब होणं), आणि आता यकृतात 2.4 सेंमीची कॅन्सरची एकच गाठ. डॉक्टरांनी मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशन सुचवलंय, खर्च सुमारे 3 लाख. वडिलांच्या 6 लाखांच्या एफडीची मुदत पाच महिन्यांनी भरते. तोवर थांबावं, की काका म्हणतात तसं शेत विकावं?

थांबू नका. सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत कातडीतून सुई घालून गाठ जाळायची, हा उपचार साधारण 3 सेंमीपर्यंतच्या गाठीवर उत्तम लागू पडतो. अशी गाठ अनेकांमध्ये चार-सहा महिन्यांत आकारमानाने (म्हणजे घनफळाने, व्यासाने नव्हे) दुप्पट होते. 2.4 सेंमीची गाठ दुप्पट झाली की व्यास 3 सेंमी. तुमचे पाच महिने नेमके तिथे नेऊन सोडतात.

एफडी मोडायचीही गरज नाही. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल घ्या. व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. 3 लाखांवर 2 टक्क्यांचा फरक धरला तर पाच महिन्यांचे होतात 2,500 रुपये. एवढ्यासाठी वडिलांना थांबवणं मला मान्य नाही. सही त्यांचीच लागेल, तेव्हा अ‍ॅडमिट होण्याआधी बँकेत जाऊन या.

मेडिक्लेम दोन वर्षांचा आहे आणि हिपॅटायटिस त्यात नोंदवलेला आहे. आधीच्या आजाराचा खर्च मिळू लागण्याआधीची प्रतीक्षा तीन वर्षांची असेल, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. कॅशलेसचा अर्ज जरूर करा, पण ते पैसे हिशेबात धरू नका. महात्मा फुले योजनेत हा उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

शेताला आत्ता हात लावू नका. घाईत विकलेल्या जमिनीला भाव येत नाही. शिवाय हा खर्च एकदाच होणारा नाही. गाठ जळली तरी सिरॉसिस राहतो, आणि पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये गाठ पुन्हा दिसते. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय होईल, हिपॅटायटिसच्या गोळ्या चालू राहतील. पुन्हा अ‍ॅब्लेशन किंवा पुढे प्रत्यारोपणाचा विषय निघाला, तर शेत तेव्हा कामी येईल. एफडीची मुदत भरल्यावर ओव्हरड्राफ्ट फेडा आणि उरलेले 3 लाख एकाच पावतीत न अडकवता लहान मुदतीच्या तीन-चार पावत्यांत ठेवा.