कापसाच्या पैशातून निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घ्यावा की ईटीएफ? स्टार रेटिंग बघून निवडू का?

निफ्टी ५० म्हणजे शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, आणि इंडेक्स फंड त्याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेतो. जळगावकडच्या चोपडा गावात राहून दरमहा थोडे थोडे टाकायचे असतील तर इंडेक्स फंडच घ्या. पैसे वेळेत पोहोचले की त्या दिवसाच्या एनएव्हीने (फंडाच्या एका युनिटच्या किमतीने) युनिट मिळतात, विषय संपला. ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात घ्यायचा-विकायचा फंड, त्याला डीमॅट खातं (शेअर ठेवायचं खातं) लागतं, शिवाय उलाढाल कमी असली की खरेदी-विक्रीच्या भावात अंतर पडतं. घ्यायचाच असेल तर आयएनएव्ही (बाजार चालू असताना दिसणारी युनिटची अंदाजे खरी किंमत) आणि चालू भाव शेजारी ठेवून बघा. भाव बराच वर असेल तर थांबा.

स्टारवर जाऊ नका, ते मागच्या कामगिरीवर मिळतात. निफ्टी ५० च्या सगळ्या फंडांत शेअर तेच, म्हणून क्रम लावा एक्स्पेन्स रेशो (फंडाचा वार्षिक खर्च) आणि ट्रॅकिंग डिफरन्सवर (निर्देशांकाच्या आणि फंडाच्या परताव्यातला फरक); दोन्ही जितके कमी तितकं चांगलं. प्लॅन डायरेक्टच (थेट फंड कंपनीकडून घेतलेला), रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून जातं. आणि पुढच्या पेरणीच्या बियाण्या-खताचे पैसे यात अजिबात घालू नका.