जपानच्या खेड्यात स्वस्तात घर घेऊन राहायला यायचं म्हणताय, तर आधी हे वाचा

तुम्ही विचारलंय की जपानच्या शिकोकू बेटावरच्या डोंगरात जुनं रिकामं घर घ्यायचं, बायको-मुलीला घेऊन यायचं आणि तिथूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायचं, जमेल का. मी शिकोकूवरच्याच तोकुशिमा प्रांतात राहतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं व्हिसा. घर नावावर झालं म्हणून इथे राहायची परवानगी मिळत नाही, त्याचं वेगळं बघावं लागतं. रिकामी घरं, ज्यांना इथे अकिया म्हणतात, ती २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात ९० लाख निघाली, त्यामुळे घर मिळायचं टेन्शन घेऊच नका, गावाला नुसता घरमालक नकोय, माणूस हवाय.

आमच्या तोकुशिमातलं कामिकात्सु गाव बघा. वस्ती पंधराशेच्या आत, त्यातले निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढचे. १९८१ च्या थंडीत संत्र्याच्या बागा गेल्या, मग शेतकी संघातल्या योकोइशी तोमोजींनी १९८६ ला पानं विकायचं काढलं, म्हणजे हॉटेलात ताट सजवायला लागतात ती मेपल वगैरेची पानं. आज्या सकाळी टॅबवर ऑर्डरी बघतात, जी आधी बोट लावेल तिची ऑर्डर, मग पानं तोडायची, डाग पडलेलं बाजूला काढायचं, एका मापाची ट्रेमध्ये लावायची. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण म्हातारी माणसं ओझं म्हणून कोपऱ्यात बसवली नाहीत, त्यांच्या हाताला झेपेल असं कमाईचं काम शोधलं. तिथे कचऱ्याची गाडीपण येत नाही बरं का, चाळीसच्या वर प्रकारात वेगळा करून स्वतः नेऊन टाकायचा.

शेजारच्या कामियामात ग्रीन व्हॅली नावाची संस्था आहे, त्यांनी तर उलटंच केलं, गावाला बेकरीवाला हवा, वेब डिझायनर हवा असं आधी ठरवायचं आणि त्या कामाचा माणूस बघून घर द्यायचं. २०१० पासून टोकियोच्या आयटी कंपन्यांनी तिथे जुन्या घरांत ऑफिसं थाटलीत, २०२३ ला नवीन टेक्निकल कॉलेजपण निघालं. तुमचं काम बघता माझं मत विचाराल तर कामियामाच बघा.

पण गावकी चुकवून चालणार नाही हां. रविवारी सकाळी रस्त्याकडेचं गवत कापायला, पाटाचा गाळ काढायला घरटी एक माणूस लागतो, ऐंशीचे आजोबा मशीन खांद्याला लावून उतारावर उभे असतात, तिथे आपण मीटिंग आहे म्हणून घरात बसलो तर कसं दिसेल? आणि बोलायला जपानीच लागतं, इंग्रजीवर भागत नाही.

घर घ्यायच्या आधी भाड्याने राहून एक हिवाळा काढा, जुनी घरं आतून गारठतात. मुलगी कितवीत आहे तेवढं कळवा, मुलं नाहीत म्हणून बऱ्याच शाळा बंद झाल्यात, कुठलं गाव सोयीचं ते त्यावरच ठरेल.