पिशवीतली बिअर, सॉफ्टवेअरचे रकाने

प्रश्न: मी बीअरस्मिथ या बिअरच्या रेसिपींच्या सॉफ्टवेअरमध्ये रेसिपी बसवते आणि पिशवी पद्धतीने, म्हणजे दाणा पिशवीत भरून आणि सगळं पाणी एकदम 40 लिटरच्या भांड्यात घेऊन, बिअर करते. 5 किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू), फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) 20 लिटर, ट्रबचे (तळाशी बसणाऱ्या गाळाचे) 2 लिटर, एफिशियन्सी (दाण्यातली किती साखर हाती येते ते प्रमाण) 75 टक्के. सॉफ्टवेअर ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारी घनता) 1.056 सांगतं, येते 1.047. उकळून झाल्यावर दोनेक लिटर जास्त उरतं, आणि मॅश (गरम पाण्यात भिजवलेला दाणा) 67 ऐवजी 70 अंशांवर जातो. चुकतंय कुठे?
(एक वाचक, मेलबर्न)

उत्तर: तुम्ही निवडलेलं मॅश प्रोफाइल (सॉफ्टवेअरमधली मॅशची ठरीव मांडणी) कूलर (उष्णता टिकवणारा डबा) आणि स्पार्जवाल्या (दाण्यावर वरून पाणी ओतून साखर धुऊन काढायच्या) पद्धतीचं दिसतं. त्यात एक किलो दाणा साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतो असं गृहीत असतं. पिशवी उचलून पिळली की हा आकडा 0.6 च्या आसपास येतो. पाच किलोला 2 लिटरचा फरक पडला, तेच तुमचे जास्तीचे दोन लिटर.

मॅश प्रोफाइलमध्ये पिशवीचा पर्याय निवडा. तयार प्रोफाइलं आहेतच. मग हिशोब असा बसतो: 20 अधिक ट्रबचे 2, म्हणजे 22 लिटर थंड. उकळतं वॉर्ट (दाण्यातून निघालेलं गोड पाणी) थंड होताना सुमारे 4 टक्के आकसतं, म्हणून 22 भागिले 0.96, साधारण 22.9. तासाभरात वाफ होणारे 4 लिटर मिळवले की उकळण्यापूर्वी 26.9, आणि दाण्याने धरलेले 3 लिटर मिळवून एकूण पाणी 29.9. जुन्या प्रोफाइलने तुम्ही 31.9 ओतत होता.

0.6 हा आकडाही स्वतःचा काढलेला बरा, कारण पिशवी नुसती निथळत ठेवणाऱ्याचा आणि दाबून पिळणाऱ्याचा आकडा एक नसतो. घातलेलं पाणी थंड असताना मोजा. पिशवी काढल्यावर 65 अंशांना पातळी 27.5 लिटर दिसली, तर तिला 0.98 ने गुणा: 26.95. तीस लिटर घातले असतील तर 3.05 लिटर दाण्यात गेले, पाच किलोला भागून 0.61. वाफेचा आकडाही असाच काढा: भांड्यात साधं पाणी रोजच्याच आचेवर तासभर उकळा, थंड झाल्यावर किती घटलं ते पाहा. तो टक्क्यांत नको, तासाला लिटरमध्ये भरा. वाफ भांड्याच्या रुंदीवर आणि आचेवर ठरते, आत किती वॉर्ट आहे त्यावर फारशी नाही.

आता तापमान. किलोला 3 लिटर पाण्याचा जाड मॅश असेल आणि दाणा 20 अंशांवर असेल, तर 67 गाठायला पाणी 73.4 अंश लागतं. सॉफ्टवेअरने तोच आकडा दिला आणि तुम्ही तो किलोला सहा लिटरच्या वर असलेल्या पाण्याला लावला. एवढं पाणी दाण्यामुळे फारसं निवत नाही, म्हणून 70. तिथे बीटा-अमायलेज (स्टार्चपासून आंबणारी साखर करणारं विकर) लवकर निकामी होतं, न आंबणारी साखर जास्त राहते आणि बिअर गोडसर, जड लागते. तुमच्या नव्या हिशोबात पाणी 70.2 अंशांवर हवं. भांडं पाण्याबरोबरच तापलेलं असतं, तेव्हा उपकरणानुसार तापमान बदलण्याची खूणही काढून टाका, नाहीतर सॉफ्टवेअर गार भांडं तापवण्याची उष्णता उगाच धरतं.

राहिली एफिशियन्सी, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. 5 किलो पेल माल्टमधून फार तर साधारण 1500 लिटर-पॉइंट (ग्रॅव्हिटीचे पॉइंट, म्हणजे 1.047 चे 47, गुणिले लिटर) निघू शकतात. तुमचे 47 पॉइंट आणि उकळून थंड झाल्यावर भांड्यात उरलेले 23.9 लिटर यांचा गुणाकार 1123, म्हणजे बरोब्बर 75 टक्के. दळण ठीक, मॅश ठीक! फक्त हे 75 टक्के भांड्यातले आहेत आणि सॉफ्टवेअर विचारतं फर्मेंटरमधले. ट्रबबरोबर जाणारी साखर त्यातून वजा व्हायला हवी: 75 गुणिले 20 भागिले 22, म्हणजे 68. हा आकडा घातलात की अंदाज 1.051 येईल आणि पाणी सुधारल्यावर प्रत्यक्षातही तेवढंच मिळेल. 1.056 च हवी असेल तर माल्ट साडेपाच किलो घ्या आणि पाणी पुन्हा काढा. पुढे ट्रबचा रकाना 2 वरून 3 केलात, तर 68 चे 65 तुम्हालाच करावे लागतील. न केल्यास सॉफ्टवेअर तुमचा मॅश सुधारला असं समजून चालतं.

जिप्सम वगैरे क्षार सगळ्या पाण्याच्या हिशोबाने मॅशमध्येच घाला, स्पार्जसाठी वेगळे काढू नका. मेलबर्नचं पाणी मृदू आहे, त्यामुळे पीएच फार चढणार नाही. ॲडिलेडसारख्या जड पाण्यात मात्र पूर्ण पाण्याचा मॅश 5.6 च्या वर जाऊ शकतो, तिथे थोडं लॅक्टिक ॲसिड लागतं.

प्रश्न: हेच स्वतःपुरतं 20 लिटर पुण्यात घरी केलं तर चालेल?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात घरच्या वापरासाठी बिअर करायला परवाना लागत नाही, तो नियम तिथला.

प्रश्न: माझं भांडं 8 गॅलनचं, म्हणजे 30 लिटरचं आहे. वरचीच 5 किलोची रेसिपी त्यात बसेल का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: एका दमात नाही. किलोभर दाणा सुमारे 0.67 लिटर जागा व्यापतो, पाच किलो 3.35. त्यात 29.9 लिटर पाणी मिळवलं की 33 च्या वर जातं. काठापासून दोन लिटर मोकळे सोडले तर मॅशमध्ये 24.6 लिटरच मावेल. उरलेलं 5.3 लिटर पिशवी चाळणीवर ठेवून हळूहळू वरून ओता. ते 75 अंशांचं असेल तर उत्तम, गार असलं तरी बिघडत नाही, फक्त उकळी यायला वेळ लागेल.

बीअरस्मिथचं पिशवी प्रोफाइल सगळं पाणी मॅशमध्येच टाकतं, म्हणून ते सोडा. स्पार्जचं साधं प्रोफाइल घ्या, मॅशचं पाणी 24.6 भरा आणि प्रगत पर्यायांमध्ये दाण्याच्या शोषणाचा सर्वसाधारण आकडा 0.6 करा. हा बदल सगळ्याच रेसिपींना लागू होतो, हे लक्षात असू द्या. पाण्याचं तापमान आता 71 च्या जवळ येईल.

खरी अडचण उकळताना आहे. 26.9 लिटर वॉर्ट 30 लिटरच्या भांड्यात पहिल्या उकळीला हमखास उतू जातं. तीन लिटर दुसऱ्या पातेल्यात काढून ठेवा, फेस बसल्यावर परत घाला, आणि पहिले हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) त्यानंतरच टाका. ते पडताच फेस पुन्हा उसळतो, तेव्हा आच आधीच कमी करून ठेवा.